परत मागितलेलं वाण

फरीदाबाद,
२२ मे

प्रिय केतकी,

काल फोनवर तू सहज म्हणालीस की चार दिवस लघवीला जळजळ होत होती, म्हणून तू, मी संक्रांतीला दिलेल्या बटव्यातल्या, दोन कॅप्सूल घेतल्यास आणि आता तुला अगदी बरं वाटतंय. त्यावर मी फोन ठेवला. रेंज गेली नव्हती. हे पत्र त्या दोन कॅप्सूलसाठी लिहायला बसले आहे.

आधी काम सांगते, बाकीचं नंतर. उद्या सकाळी तुझ्या डॉक्टरबाईंकडे जायचं. पाचव्या महिन्यात आपल्या मनानं अँटिबायोटिक घेतली, तीही दोनदाच घेऊन सोडून दिली, हे त्यांना सरळ सांगायचं. आईनं दिली होती हेही सांग, मला चालेल. लघवीची तपासणी करून घ्यायची. साधी नाही, कल्चरची. कुठले जीवाणू आहेत आणि त्यांच्यावर कोणतं औषध चालतं हे त्यातूनच कळतं. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, तोवर धीर धरायचा. जळजळ थांबली म्हणजे जंतू गेले असं नाही. गरोदरपणी तर ते काही त्रास न देता आत बसून राहतात आणि मग एकदम मूत्रपिंडापर्यंत चढतात. बाळालाही ते चांगलं नाही. डॉक्टर जे औषध देतील ते, आणि सांगतील तितके दिवस घ्यायचं. मी दिलेल्या बटव्याला हात लावायचा नाही.

यतीन ऑफिसच्या कामासाठी गुरुग्रामला आलाच होता, तो आज संध्याकाळच्या विमानानं पुण्याला परततो आहे. त्याच्या हाती हे पत्र देते. उद्या तुला डॉक्टरांकडे न्यायचं एवढंच त्याला सांगितलंय. ‘आई, काळजीचं काही आहे का?’ असं त्यानं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, ‘ती वाचेल आणि तुला सांगेल.’ तुझा नवरा शहाणा आहे, पुढे विचारलं नाही.

काल तासाभरानं मी पुन्हा फोन केला आणि तुला रागावले, तेव्हा तू हसत सुटलीस. ‘अगं, तूच तर सांगतेस, बरं वाटलं की गोळ्या बंद, उरलेल्या जपून ठेवायच्या. मी तुझीच तर शिष्या!’ तीस-बत्तीस वर्षं सरकारी फायलींवर शेरे मारले, मराठी मंडळाची चिटणीस म्हणून भल्याभल्यांना गप्प बसवलं, पण पोटच्या पोरीनं माझंच वाक्य माझ्यापुढे ठेवल्यावर तोंड उघडेना. म्हणून लिहिते आहे. फोनवर मी ओरडते आणि तू हसतेस, त्यात मुद्दा राहून जातो.

सुरुवात पानिपतला झाली. चौदा जानेवारीला मंडळाची बस काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते ती तुला माहीत आहेच. लहानपणी तू माझ्या शालीत गुंडाळून झोपून जायचीस आणि भाषणं संपली की उठायचीस. या वर्षी धुकं इतकं होतं की स्मारक जवळ जाईपर्यंत दिसलं नाही. लतिकामावशी माझ्या शेजारी बसली होती. रस्त्यात बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही, त्यामुळे आम्ही कुणीच सकाळपासून पाणी प्यायलो नव्हतो. हे आमचं जुनंच शहाणपण. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये लतिका आणि मी शेजारणी होतो, तेव्हापासून बसप्रवास म्हटला की आम्ही घसा कोरडा ठेवूनच निघतो. परतताना ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘अलका, फूल वाहायला आले आणि माझंच पानिपत झालं गं. आग आग होतेय नुसती.’ तिला साखरेचा आजार, हा त्रास तिला वर्षातून दोनदा तरी व्हायचा. मी पर्समधून पट्टी काढली, दोन कॅप्सूल तिच्या हातावर ठेवल्या. माझ्या पर्समध्ये पट्टी असतेच. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला की तुझ्या पर्सला एम.बी.बी.एस. लावायला हवं. मला ते ऐकून बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

त्यातूनच मला हळदीकुंकवाच्या वाणाची कल्पना सुचली. तुझी लग्नानंतरची पहिली संक्रांत, तू हलव्याचे दागिने घालून बसणार, सगळं मंडळ येणार, आणि मी काय प्लास्टिकच्या वाट्या वाटू? दर वर्षी घरोघर त्याच वाट्या, त्याच फण्या, त्याच चाळण्या फिरतात. मी ठरवलं, या वेळी उपयोगाचं वाण लुटायचं. खणाचे चाळीस बटवे शिवून घेतले. प्रत्येकात तापाच्या गोळ्या, जुलाबावरची साखरमिठाची पुडी, जखमेवरची पट्टी, आणि सहा कॅप्सूल. आजीबाईचा बटवा, पण आजच्या काळातला. काही कॅप्सूल घरच्याच होत्या, तुझ्या बाबांच्या दाढेच्या आणि माझ्या खोकल्याच्या वेळच्या उरलेल्या. बाकीच्या, त्याच नावाच्या, बाजारातून आणल्या. दुकानदारानं चिठ्ठी मागितली नाही. ‘मॅडम, पूरा डब्बा?’ एवढंच विचारलं. मग आपण दोघी जेवणाच्या टेबलाशी बसून कात्रीनं पट्ट्या कापत होतो, आठवतं? कापताना औषधाचं नाव एका तुकड्यावर गेलं आणि तारीख दुसऱ्या तुकड्यावर. तू म्हणालीस, ‘आई, एक्सपायरी कट झाली बघ,’ आणि मी म्हटलं, ‘सगळं ताजंच आहे, काप.’

बाबा एकटे म्हणाले होते, ‘अलका, ही औषधं आहेत, तिळगूळ नव्हे.’ मी त्यांना म्हटलं की तुम्ही पुरुषांनी हळदीकुंकवात पडू नये.

बायकांनी किती कौतुक केलं ते तू पाहिलंसच. आपल्या मराठी बायका होत्याच, पण समोरच्या ब्लॉकमधली हरियाणवी मंडळी, दुसऱ्या मजल्यावरची मल्याळी नर्स, सगळ्या आल्या होत्या. त्या नर्सनं बटवा उघडून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता परत बांधला. तेव्हा मला वाटलं, हिला मराठी रीत कळत नसेल.

होळीच्या सुमारास लतिकाला पुन्हा तोच त्रास झाला. तिनं बटव्यातल्या दोन घेतल्या आणि मला फोन करून सांगितलं. आराम पडला म्हणाली. मी म्हटलं, मग बास, उगीच जास्त औषध पोटात घालू नये, उरलेल्या ठेव. मी हे कुणालाही सांगितलं असतं. औषध हे उरवायचंच असतं, दुधासारखं, साबणासारखं, अशी माझी कायमची समजूत. आठवड्याभरानं तिला हुडहुडी भरून ताप आला. तेव्हाही तिनं डॉक्टरला नाही, मलाच विचारलं. मी म्हटलं, उरलेल्यातल्या घे आणि पांघरूण घेऊन पड. ती पडून राहिली. त्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सुखदा दिल्लीतल्या द्वारकेहून आली तेव्हा लतिका आपल्याच लेकीला ओळखत नव्हती. सुखदानं तिला तसंच उचलून इस्पितळात नेलं.

होय, लतिकामावशी इस्पितळात होती आणि मी ते तुला सांगितलं नाही. तू विचारलंस तेव्हा म्हटलं की ती सुखदाकडे राहायला गेलीय आणि तिचा फोन बिघडलाय. ते खोटं होतं.

तिच्या रिपोर्टवर औषधांची लांबलचक यादी होती आणि जवळजवळ प्रत्येकापुढे एकच इंग्रजी अक्षर, आर. म्हणजे हे औषध चालत नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकात नापासाचे शेरे असावेत तसं ते पान दिसत होतं. मी बटव्यात घातलेल्या कॅप्सूलचं नाव दुसऱ्याच ओळीत होतं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

सुखदा जीवाणूंवरच काम करते हे तू जाणतेस. लहानपणी तुम्ही दोघी क्वार्टरच्या जिन्यात घर-घर खेळायचात आणि ती नेहमी डॉक्टर व्हायची. तिचं मराठी तुझ्याहून कच्चं, वाक्य सुरू मराठीत होतं आणि संपतं हिंदीत. इस्पितळाच्या कँटीनमध्ये एका दुपारी मीच तिला विचारलं की हे झालं कसं, मला नीट सांग. मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली बाई, माझं जीवशास्त्र शाळेतल्या बेडकापाशी संपलं. पण मला समजावून सांगितलं तर कळतं.

ती म्हणाली, ‘मावशी, बॅक्टेरिया आपसात बोलतात. तोंडानं नाही, केमिकल सोडून. एकटा असला तर गप्प असतो. गर्दी वाढली की ते केमिकलही वाढतं, मग सगळ्यांना कळतं की चलो, आता आपण पुष्कळ झालो. मग एकदम सगळे मिळून वागणं बदलतात. चिकट थर बनवतात, त्यात औषध नीट पोचत नाही.’ मी म्हटलं, म्हणजे गणपूर्ती झाल्याशिवाय सभा सुरू करत नाहीत. ‘बिल्कुल! त्याचं नावच ते आहे, कोरम सेन्सिंग.’ इतकी वर्षं मी गणपूर्ती नाही म्हणून मंडळाच्या सभा तहकूब करत आले. माझ्याच पोटात कुणी इतक्या शिस्तीत सभा भरवत असेल, असं मनातही आलं नव्हतं.

मग तिनं पार्किंगच्या पावतीच्या पाठीवर एक लांबट गोल काढला, आणि त्याच्या आत बांगडीसारखं एक छोटं कडं. जीवाणूचा मुख्य वारसा वेगळा असतो म्हणाली, तो आईकडून लेकीला जातो तसा पिढ्यांतून खाली जातो. पण हे कडं, त्याला प्लास्मिड म्हणतात, ते आडवं जातं. एक जीवाणू दुसऱ्याला अगदी चिकटतो, दोघांमध्ये वाट तयार होते, आणि त्या वाटेनं कड्याची नक्कल पलीकडे जाते. औषधाला दाद कशी द्यायची नाही, याची युक्ती त्या कड्यात लिहिलेली असते. कधी एकाच नाही, चार-चार औषधांची. काही जीवाणू तर मेलेल्यांच्या अंगातून सांडलेले तुकडेसुद्धा उचलून आपलेसे करतात.

मी विचारलं, देणाऱ्याकडचं जातं का? ‘नाही ना. त्याच्याकडे राहतंच, हा कॉपी करून देतो.’ मग विचारलं, नात्यातलाच लागतो का? ‘अजिबात नाही. शेजारी चालतो. दुसऱ्या जातीचा पण चालतो. आतड्यात गरीब बिचारे राहतात, कुणाला त्रास न देणारे, ते सांभाळून ठेवतात आणि मग एखाद्या गुंडाला देऊन टाकतात.’ आणि औषध अर्धवट घेतलं तर काय होतं? ती म्हणाली, ‘जे कमजोर असतात ते मरतात. ज्यांच्याकडे कडं आहे ते उरतात, आणि त्यांना जागा मोकळी मिळते. आणि काही औषधांचं असं दिसलंय की थोडा-थोडा मार बसला तर ते आपसात जास्तच वाटायला लागतात.’

बोलता बोलता तिला एक शब्द अडला. ‘आईच्या लघवीत जो सापडला ना मावशी, तो स्ट्रेन... स्ट्रेनला मराठीत काय म्हणतात?’

मी सवयीनं सांगून मोकळी झाले, ‘वाण. गव्हाचं वाण, ज्वारीचं वाण म्हणतात तसं. बियाण्याची जात.’

‘अच्छा? वाण तर संक्रांतीचं असतं ना,’ ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा हसली. ‘तुम्ही बटव्यात दिलं होतं ते.’

मग तिचं हसू गेलं. तिला काही सुचवायचं नव्हतं गं. मराठीचा एक शब्द तिला नवा कळला होता, इतकंच. तिनं पावती चुरगळली आणि चहा संपवला. मी मात्र त्या कँटीनच्या खुर्चीवर बसून माझं घर पाहत होते. चाळीस बायका एकमेकींना लागून बसलेल्या, पुरेशा जमल्यावर सुरू झालेलं हळदीकुंकू, नात्याची-परकी, जात-भाषा न बघता प्रत्येकीच्या ओटीत एकेक बटवा, आणि देणारीचं काही कमी होत नाही म्हणून देणारी फुशारलेली.

मी तिला सरळच विचारलं, माझ्या कॅप्सूलमुळे झालं का? ती म्हणाली, ‘मावशी, असं कुणी सांगू शकत नाही. आईनं किती वर्षं किती काय-काय घेतलं. पाण्यातून येतं, कोंबडीतून येतं, हॉस्पिटलातून येतं. एका कुणाचं नाव नाही घेता येत.’ ती मला सोडवत होती. पण ते वाक्य मला ओळखीचं होतं. ‘याबाबत जबाबदारी निश्चित करता येत नाही,’ असा शेरा मी स्वतः किती फायलींवर लिहून त्या बंद केल्या आहेत. त्याचा खरा अर्थ काय असतो ते मला माहीत आहे. जबाबदारी असते, पण इतक्या जणांत वाटलेली असते की प्रत्येकाला ती दुसऱ्याची वाटते.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी दुपारच्या उन्हात पिशवी घेऊन निघाले आणि बटवे परत मागायला सुरुवात केली. दिलेलं वाण परत मागायचं! माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी मला उंबऱ्याबाहेरच उभं केलं असतं. तिसऱ्या मजल्यावरची कौशल्या दारातच म्हणाली, ‘अलकावहिनी, लुटलेलं वाण परत मागतात होय? आमच्यावर काही राग आहे का?’ मी म्हटलं राग नाही, चूक आहे, आणि माझी आहे. ती म्हणाली, ‘तुमची? मग नक्कीच काहीतरी मोठं असणार,’ आणि बटवा आणून दिला. मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब जिन्यात भेटले. त्यांना वाटलं मी निवडणुकीचा प्रचार करत फिरते आहे. सांगितल्यावर म्हणाले, ‘वहिनी, हे गाजावाजा न करता करा. मंडळाचं नाव जाईल.’ मी म्हटलं, मंडळाचं राहील, माझं जाऊ दे. पुढच्या सभेत मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं. गणपूर्ती झाली होती.

बटवे मिळाले, पण सगळे भरलेले नव्हते. एकीनं सर्दीला खाल्ल्या होत्या. सर्दीवर त्या चालतच नाहीत, हे मलाही सुखदानंच सांगितलं. एकीनं कॅप्सूल फोडून पावडर नवऱ्याच्या कापलेल्या बोटावर भुरभुरली होती. एकीनं कानपूरला शिकणाऱ्या मुलाला पाठवल्या, त्यानं होस्टेलवर मित्रांना दिल्या. एकीनं जुन्या म्हणून तुळशीच्या कुंडीत पुरल्या होत्या, म्हणजे मातीतल्या जीवाणूंनाही मी वाण दिलं. तिची कुंडी मी मातीसकट उचलून आणली, तेव्हा तिला मी भ्रमिष्ट झाले असंच वाटलं. राहिली ती मल्याळी नर्स. तिनं बटवा जसाच्या तसा परत दिला, गाठही मीच मारलेली. मी विचारलं, तुला त्याच दिवशी कळलं होतं ना, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, ‘आंटी, आप सुनतीं?’

नसतं ऐकलं. हे तुला माहीत आहे, बाबांनाही माहीत आहे.

आता जे लिहायचं राहिलंय ते. लतिका गेली, केतकी. वीस एप्रिलला, सकाळी. शेवटचं म्हणून ठेवलेलं एक औषध त्यांनी शिरेतून दिलं होतं, त्यानं जीवाणू थोडे नमले पण तोवर तिची मूत्रपिंडं थकली होती. अतिदक्षता विभागात नेण्याआधी ती एकदा शुद्धीवर आली. मी शेजारी होते. माझा हात धरून म्हणाली, ‘अलका, तुझ्या बटव्यात अजून काही आहे का गं?’ टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाटत होतं की असेल.

पोटुशीला वाईट बातमी सांगू नये, असं म्हणून मी महिनाभर तुझ्यापासून हे लपवलं. तू लतिकामावशीला डोहाळजेवणाचा मेनू विचारायचा म्हणत होतीस आणि मी विषय बदलत होते. कारण मात्र ते नव्हतं. ती गेली हे सांगितलं असतं तर कशानं गेली हे तू विचारलं असतंस. मला माझ्याच मुलीसमोर लहान व्हायचं नव्हतं. आणि त्या सगळ्या दिवसांत, मी दारोदार जाऊन परक्यांचे बटवे गोळा करत असताना, तुझा बटवा पुण्यात तुझ्या कपाटात होता. तो मी मागितला नाही. मागितला असता तर सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून मी मनाशी ठरवलं की तू काही तो उघडणार नाहीस. काल तू ‘दोन घेतल्या, आता अगदी बरं वाटतंय’ म्हणालीस. होळीनंतर लतिका फोनवर हेच म्हणाली होती, शब्दही हेच, आवाजातली खुशीही हीच. म्हणून मी फोन ठेवला. तिच्या वेळी मी ‘मग बास’ म्हटलं होतं. तुला मी तसं म्हणू शकत नाही. उद्या सकाळी जा. मला दोष द्यायचा असेल तर रिपोर्ट आल्यावर दे, भरपूर दे, पण आधी जा. आणि रडू आलं तर रड, लतिकासाठी रडणं बाळाला बाधणार नाही.

तुझीच, आणि तुझ्या कपाटातल्या त्या बटव्याचीही धनीण,
आई

सोबत, सुपूर्द केल्याची नोंद:

सुखदाच्या हाती, तिच्या प्रयोगशाळेत नीट जाळून टाकण्यासाठी: गोळा झालेल्या अडतीस बटव्यांमधल्या उरलेल्या सगळ्या कॅप्सूल, आमच्या घरच्या औषधाच्या डब्यातल्या आणि माझ्या पर्समधल्या पट्ट्या, आणि तुळशीच्या कुंडीची माती.

लतिकाचा बटवा सुखदानं स्वतः आणून दिला. त्यात चार कॅप्सूल कमी. उरलेल्या दोन काढून घेतल्यावर रिकामा बटवा तिनं परत दिला नाही. धुऊन, घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवला.

यतीनच्या हाती: हे पत्र, लतिकानं मार्चमध्ये तुझ्या बाळासाठी विणायला घेतलेलं टोपडं. एक कान राहिला आहे.

येणे बाकी: केतकीकडून बटवा एक, त्यात कॅप्सूल चार.